आधी उंट बांधू, मग भरवसा ठेवू

गेल्या काही वर्षांत मोहल्ल्यातल्या बायकांच्या बोलण्यात एक नवा इंग्रजी शब्द रुळला आहे : मॅनिफेस्ट करणं. कॉलेजात जाणाऱ्या मुलीपासून घरी फॉल-बीडिंग करणाऱ्या आपापर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर तो पोचला आहे. मनात जे ठामपणे धराल ते प्रत्यक्षात येतं, असा त्याचा थोडक्यात अर्थ. हवी ती गोष्ट सकाळी तीनदा, दुपारी सहा वेळा आणि रात्री नऊ वेळा वहीत लिहायची. ती आपल्याला मिळालीच आहे असं समजून वागायचं. वाईट विचार मनात येऊ द्यायचा नाही. मग 'युनिव्हर्स', म्हणजे हे विश्व, ती गोष्ट तुमच्याकडे पाठवून देतं. हा शब्द इतका चालला की केंब्रिज शब्दकोशाने २०२४ सालचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली.

मुस्लीम बायकांपर्यंत येता येता या कल्पनेने पेहराव बदलला. 'युनिव्हर्स'च्या जागी अल्लाह आला. वहीच्या जोडीला तसबीह आली. तहज्जुदच्या नमाजेत अमुक मागा, अमुक नाव इतक्या वेळा पढा, चाळीस दिवसांत नवरा बदलेल, नोकरी लागेल, व्हिसा येईल, असे व्हिडिओ रोज फिरतात. खाली कुराणातली एखादी आयत, एखादी हदीस. बघणाऱ्या बाईला वाटतं, हे तर आपल्या दीनमधलंच आहे.

हा विषय उलेमांचा आहे, स्त्री-संघटनेने त्यात का पडावं, असं कुणी विचारेल. याचं कारण साधं आहे. या कल्पनेचे परिणाम आमच्या समुपदेशन केंद्रात येऊन बसतात. नवऱ्याने आठ-आठ महिने खर्चाला पैसे दिलेले नसतात, मेहर कधीच हातात पडलेला नसतो, अंगावर वळ असतात, आणि बाई सांगते, 'मी रोज लिहिते ना ताई, की ते माझ्याशी चांगलं वागतात.' तक्रार लिहून देऊ या का, असं विचारलं की ती घाबरते. पोलिसांची भीती असतेच, पण आता एक नवी भीती तिच्या मनात बसली आहे : तक्रार केली तर 'निगेटिव्ह एनर्जी' जाईल आणि इतक्या महिन्यांची मेहनत वाया जाईल.

म्हणून ही कल्पना कुठून आली, धर्माशी तिचा संबंध किती, आणि बाईच्या हाती ती काय देते, हे आपणच तपासायला हवं.

हे आलं कुठून?

मॅनिफेस्टेशन ना कुराणातून आलं, ना कुठल्या प्राचीन गुप्त विद्येतून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'न्यू थॉट' नावाचा एक विचारप्रवाह होता. आजार आणि दारिद्र्य यांचं मूळ माणसाच्या विचारात असतं, विचार बदलला की ते जातात, असं तो सांगत असे. १९०६ साली विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन यांनी आकर्षणाच्या नियमावर पुस्तक लिहिलं. १९१० साली वॉलेस वॉटल्स यांचं श्रीमंत होण्याच्या शास्त्रावरचं पुस्तक आलं. त्याच पुस्तकावरून स्फूर्ती घेऊन ऑस्ट्रेलियातल्या राँडा बर्न यांनी २००६ साली 'द सीक्रेट' हा चित्रपट आणि त्याच नावाचं पुस्तक काढलं. आज मोबाईलवर जे येतं ते या शंभर वर्षांच्या जुन्या मालाचंच नवं पाकीट आहे.

या विचाराला एक दुसरी बाजू आहे, ती फारशी बोलली जात नाही. चांगलं जर विचारांनी येत असेल, तर वाईटही विचारांनीच यायला हवं. म्हणजे आजार, गरिबी, मारहाण हे सगळं त्या-त्या माणसाने स्वतःच्या विचारांनी ओढवून घेतलेलं. अमेरिकन लेखिका बार्बरा एरनराइक यांना स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेताना हा अनुभव आला. सतत हसरं राहा, आजाराला देणगी समजा, असं त्यांना सगळीकडून ऐकवलं जात होतं. राग व्यक्त करायला जागाच नव्हती. २००९ साली त्यांनी या सक्तीच्या आनंदीपणावर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

नुसतं सुखाचं चित्र मनात रंगवल्याने ते सुख जवळ येतं का, हेही तपासून झालं आहे. गॅब्रिएले ओटिंगेन आणि डोरिस मायर या दोन मानसशास्त्रज्ञांचं संशोधन २००२ साली प्रसिद्ध झालं. शिक्षण संपवून नोकरी शोधणाऱ्या तरुणांचा त्यांनी दोन वर्षं मागोवा घेतला होता. छान नोकरी लागल्याची स्वप्नं जे वारंवार रंगवत होते, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी मिळाल्या आणि पगारही कमी मिळाला. आपल्याला जमेल असा रास्त भरवसा ज्यांना होता, त्यांचं मात्र बरं चाललं. भरवसा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरवशाने हातपाय हलतात, दिवास्वप्नाने ते सैल पडतात.

तरी बायका याकडे का वळतात?

'अडाणी आहेत म्हणून' असं म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येणार नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलीही यात आहेत. आणि फक्त मुसलमान बायकाच आहेत असंही नाही. गुरुवारची व्रतं, नवस, देव्हाऱ्यात ठेवलेली इच्छेची चिठ्ठी हे सगळं आपल्या सगळ्या जातीधर्मांच्या घरांत आहे. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या बंगाली बाबाच्या जाहिराती वाचताना कुणाचाही धर्म आड येत नाही.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांना त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी विचारलेलं नसतं की 'तुला काय हवं आहे?' शिक्षण थांबवताना नाही, निकाह ठरवताना नाही, किती मुलं हवीत हे ठरवताना नाही. निकाहाच्या वेळी काझी तिची कबुली घेतो खरा, पण तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात. अशा बाईला पहिल्यांदा कुणीतरी सांगतं, वही घे आणि तुला काय हवं ते लिही. ती लिहिते : स्वतःची खोली. शिवणाचं मशीन. मुलीला बारावीपर्यंत शिकवायचं. त्या लिहिण्यात तिला मोकळं वाटतं, आणि ते मोकळं वाटणं खोटं नाही. ती वही फेकून दे असं मी कुठल्याच बाईला सांगत नाही. प्रश्न इतकाच आहे की लिहून झाल्यावर पुढे काय?

दुआ आणि मागणीपत्रक

धार्मिक अंगाने यावर बरीच टीका झाली आहे. विश्वाला देणारं मानणं हे शिर्क आहे, असं अनेक उलेमा सांगतात. पण त्यांची चर्चा हलाल की हराम इथेच थांबते. त्या बाईचं काय, हे बाजूलाच राहतं. माझ्या मते दुआ आणि मॅनिफेस्टेशन यांतला फरक बाईच्या दृष्टीने पाहायला हवा.

मॅनिफेस्टेशनमध्ये विश्व हे यंत्रासारखं आहे. बरोबर बटण दाबलं की वस्तू बाहेर येते. आली नाही तर चूक दाबणाऱ्याची. दुआमध्ये देणारा स्वतंत्र आहे. तो देईल, उशिरा देईल, त्याऐवजी दुसरं काही देईल, किंवा एखादं संकट टाळेल. म्हणून दुआ कबूल झाली नाही याचा अर्थ मागणारी खोटी होती किंवा तिच्या मनात खोट होती असा होत नाही. काही गोष्टी आपल्या हातात नाहीत, हे मान्य करूनच 'इन्शाअल्लाह' म्हटलं जातं. हे म्हणणारी बाई अपयशी ठरली तरी गुन्हेगार ठरत नाही. मॅनिफेस्टेशनवाली बाई मात्र मारही खाते आणि त्याचा दोषही घेते.

व्हिडिओंत दोन-तीन आधार पुन्हा पुन्हा दिले जातात. एक हदीस अशी आहे की बंदा माझ्याबद्दल जसं मनात धरतो तसा मी त्याच्याशी असतो, या आशयाचं अल्लाहचं म्हणणं पैगंबरांनी सांगितलं. तिचा रोख अल्लाहच्या दयेबद्दल निराश न होण्यावर आहे. मनात धरलेली वस्तू हजर होईल, असं ती सांगत नाही. दुसरा आधार सूरा रअदमधल्या अकराव्या आयतीचा : लोक स्वतःतलं बदलत नाहीत तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलत नाही. इथे मूळ शब्द 'कौम' आहे. एकट्या बाईने एकट्या खोलीत डोळे मिटून करायच्या बदलाची ही गोष्ट नाही. ती समूहाची गोष्ट आहे. आपण संघटना बांधतो, चार जणी मिळून पोलीस चौकीत जातो, हे मला त्या आयतीच्या अधिक जवळचं वाटतं.

आणि उंटाची हदीस तर घराघरांत माहीत आहे. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असं एकाने विचारलं. पैगंबरांनी सांगितलं, आधी बांध, मग भरवसा ठेव. तवक्कुल म्हणजे हे. नुसता भरवसा म्हणजे तवक्कुल नव्हे.

तीन बायका

आपल्या मुलींना धार्मिक गोष्टी सांगताना आपण त्यांतल्या बायकांच्या सोशिकपणावर भर देतो. त्या गोष्टी जरा नीट वाचल्या तर वेगळंच दिसतं.

हाजरा. दासी म्हणून राहिलेली बाई. तान्ह्या मुलासह ओसाड जागी एकटी. पाणी संपलं. तिचा अल्लाहवर भरवसा होता, पण ती डोळे मिटून बसली नाही. सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये ती सात वेळा धावली. हजला जाणारे लाखो लोक, पुरुषसुद्धा, आजही तिच्या मागून ते सात फेरे घालतात. एका टेकडीपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेचारशे मीटर, म्हणजे सगळे मिळून तीन किलोमीटरच्या वर चाल होते. त्याला 'सई' म्हणतात. सई या शब्दाचा अर्थच धावपळ, प्रयत्न. पाणी अखेर मुलाजवळ निघालं, ती धावली त्या टेकड्यांवर नाही. तरी इबादत म्हणून जपली गेली ती तिची धावपळ.

मरियम. बाळंतपणाच्या कळा येत असताना ती खजुराच्या झाडाशी एकटी होती. लोक काय म्हणतील या धास्तीने आणि वेदनेने तिच्या तोंडून निघालं की याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. आजचा एखादा कोच तिला म्हणाला असता, असं बोलू नकोस, तेच खरं होईल. कुराणात तिला कुणी रागावत नाही. तिला दिलासा मिळतो, पायाशी पाणी असल्याचं सांगितलं जातं, आणि खजुराचं खोड हलव असं सांगितलं जातं. बाळंतिणीने हलवून खजुराचं खोड ते कितीसं हलणार? तरी तिला हलवायला सांगितलंच.

तिसरी खौला बिन्ते सअलबा. तिच्याबद्दल आपण सर्वांत कमी बोलतो. तिच्या नवऱ्याने रागात 'तू मला आईच्या पाठीसारखी' असं म्हटलं. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे असं म्हटलं की बाई ना धड बायको राहत असे, ना सुटत असे. ती पैगंबरांकडे गेली आणि हुज्जत घालू लागली. मुलं लहान आहेत, मी म्हातारी होत चालले, मी जाऊ कुठे? तिची तक्रार अल्लाहने ऐकली, या सांगण्यानेच कुराणातली ५८ वी सूरा सुरू होते. त्या सूरेचं नाव 'मुजादिला', म्हणजे वाद घालणारी बाई. तो रिवाज खोटा ठरवला गेला आणि तसं बोलणाऱ्या नवऱ्यावर प्रायश्चित्त आलं : गुलामाला मुक्त करायचं, नाहीतर सलग दोन महिने रोजे, तेही जमत नसेल तर साठ गरिबांना जेवण.

या बाईने नवरा चांगला वागतो असं मनात घोळवलं नाही. तो कसा वागला ते तिने भर दुनियेत सांगितलं. सूरा निसामधली १४८ वी आयतही याच धर्तीची आहे. वाईट गोष्ट उघडपणे बोलणं अल्लाहला आवडत नाही, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याला ती मुभा आहे, असा तिचा आशय. मग तक्रार केल्याने 'निगेटिव्ह एनर्जी' जाते ही भीती कुठून आली? ती दीनमधून आलेली नाही.

सब्र कुणी करायचा?

इथे आपल्या समाजालाही काही विचारायला हवं. मॅनिफेस्टेशनचं रोप आपल्याकडे इतकं पटकन रुजलं, कारण जमीन आधीच तयार होती. बाई घर सोडून आली की आई सांगते, सब्र कर. सासू सांगते, तकदीर. जमातीतले मोठे पुरुष सांगतात, घरची गोष्ट घरात राहू दे. आता मोबाईलवरची कोच सांगते, पॉझिटिव्ह राहा. चौघांचं म्हणणं एकच आहे : तू गप्प राहा, बदल तुझ्या मनात कर.

तकदीरचा हा अर्थ सोयीचा आहे. खलिफा उमर यांच्याबद्दल एक हकीकत सांगतात. शाम देशात प्लेगची साथ आली होती. त्यांनी लोकांना घेऊन तिकडे न जाता परत फिरायचं ठरवलं. अल्लाहने लिहिलेल्या नशिबापासून पळता का, असं एकाने विचारलं. अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. साथीच्या गावात न जाण्याची अक्कल पुरुषाने दाखवली तर ती समजूतदारी. मार खाण्याच्या घरात परत न जाण्याची अक्कल बाईने दाखवली तर ती नाशुक्री. हा न्याय कुठला?

मी हे सगळं धर्मग्रंथातले आधार देऊन मांडते आहे, पण बाईचा हक्क या आधारांवरच उभा आहे असं मला म्हणायचं नाही. ग्रंथाचा अर्थ लावण्याचं काम शतकानुशतकं पुरुषांच्या हाती राहिलं आहे, आणि बाईला गप्प करायलाही त्याच ग्रंथातले आधार काढले गेले आहेत. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, ते नागरिक म्हणून मिळणाऱ्या समान हक्कांसाठी. ती वाटही आपलीच आहे. पण जी बाई रोज पाच वेळा नमाज पढते तिला मी 'तुझी दुआ बाजूला ठेव आणि मग हक्काचं बोल' असं सांगू शकत नाही. तिची दुआ आणि तिचा अर्ज यांत भांडण नाही, एवढं तिला दाखवता आलं तरी पुष्कळ काम होतं.

वहीतून अर्जाकडे

आपल्याआधीच्या बायकांनी हेच केलं. इंदूरच्या शाहबानो यांनी १९७८ साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, पोटगीसाठी अर्ज केला. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढे त्यावरून केवढं राजकारण झालं, १९८६ चा कायदा कसा आला, हे आपल्याला ठाऊक आहे. पण वाट बंद झाली नाही. २००१ साली दानियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच कायद्याचा अर्थ बाईच्या बाजूने लावला. २०१७ साली शायरा बानो यांच्या खटल्यात एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरला. १० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मुस्लीम बाईलाही पोटगी मागता येते. हे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ क्रमांकाने आहे.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. ज्या वहीत इच्छा लिहिता, त्याच वहीची मागची पानं उलटा. तिथे तारखा लिहा. कुठल्या महिन्यापासून खर्च दिला नाही. कुठल्या दिवशी हात उचलला, कुठे लागलं, कुणी पाहिलं. निकाहनाम्यात मेहर किती लिहिला आहे, त्यातला किती मिळाला. निकाहनाम्याची नक्कल, दवाखान्याचे कागद, चौकीत नोंदवलेल्या एन.सी.ची प्रत एका पिशवीत घालून भरवशाच्या मैत्रिणीकडे ठेवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. तो कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. १८१ या क्रमांकावर फोन करता येतो.

इच्छेची पानं फाडू नका. स्वतःची खोली, शिवणाचं मशीन, मुलीची बारावी ही यादी हवीच. इस्लाममध्ये कुठल्याही कामाआधी नियत बांधतात आणि कामाची किंमत नियतीवर ठरते असं मानतात. पण नियत बांधून कुणी जानमाजवर नुसतं उभं राहत नाही. पुढे नमाज पढावी लागते.

आणि एक विनंती आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना. बाई वजिफ्याबद्दल किंवा मॅनिफेस्टेशनबद्दल बोलू लागली की आपल्या चेहऱ्यावर आठी पडते. ती तिला लगेच दिसते आणि ती गप्प होते, पुढच्या वेळी येतच नाही. तिला आधी विचारा, वहीत काय लिहिलं आहेस? ती वाचून दाखवेल. त्यातली एक तरी गोष्ट अशी असते की जी मिळवायला कायदा आहे, योजना आहे किंवा आपल्या चार जणींचा हात पुरेसा आहे. तिथून सुरुवात करा.